व्ह्यूफाइंडरमध्ये लख्ख, कॉम्प्युटरवर मऊ : डीएसएलआरचा ऑटोफोकस नेमका कुठे चुकतोय?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

ओळखीतल्या एकांकडून वापरलेला डीएसएलआर घेतलाय. मधल्या दर्जाचा, क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिल्या चार प्रतिसादांत 'ही कशाला घेतली, ती घ्यायची' सुरू होतं आणि माझा प्रश्न बाजूलाच राहतो. सोबत तीन लेन्स आहेत : १८-५५ किट, ५० एमएम एफ १.८ आणि ७०-३०० झूम.

आता रडगाणं. भाचीच्या लग्नात ५० एमएमने जवळून फोटो काढले. डोळ्यावर फोकसचा पॉइंट ठेवला, बीप वाजला, हिरवा ठिपकाही लागला. घरी येऊन बघते तर नथ अशी स्वच्छ की मोती मोजून घ्यावेत, आणि डोळे धूसर. कासला ७०-३०० घेऊन गेले, तिथे लेन्स नुसती पुढे-मागे गरगरत राहिली. लागलाच फोकस तर मागच्या गवतावर. आणि शर्यतीच्या मैदानावर समोरून येणाऱ्या बैलजोडीचा एकही फोटो धड नाही.

दुकानात दाखवलं तर म्हणाले, 'बॉडी कॅलिब्रेशनला पुण्याला पाठवावी लागेल, खर्च आत्ता सांगता येणार नाही.' पाठवू का?

---

बोटवाला (बामणोली)

कंपनी सांगा ना ताई, भांडायला मजा येत नाही अशानं.

(वाचतोय. माझ्याही झूमचं हेच रडगाणं आहे.)

---

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, कुरियर करायच्या आधी जरा थांबा. तक्रारी तीन आहेत म्हणून दोष एकच असेल असं नाही, आणि तिन्हींत कॅमेराच दोषी असेल असंही नाही.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर निकाल देऊ नका. फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करा आणि एवढंच शोधा : या फोटोत कुठे ना कुठे काहीतरी शार्प आहे का? पुढची काडी, मागचा माणूस, काहीही. असेल तर फोकस लागलाय, पण नको त्या जागी. कुठेच काही शार्प नाही आणि सगळं एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, तर हात हलला किंवा समोरचं हललं; तिथे ऑटोफोकसवर आळ घेण्यात अर्थ नाही. सगळंच मऊ आहे, पण ओढल्याची दिशा नाही, तर लेन्सची काच मळकी, पुढचा फिल्टर भिकार, नाहीतर मधली हवा तापलेली.

आणखी एक. फक्त डावी किंवा उजवी बाजूच मऊ येत असेल तर ते वेगळंच दुखणं. लेन्स कधीतरी आपटलेली असते आणि आतली काच तिरकी बसलेली असते. भिंतीला पेपरचं पान सपाट चिकटवा, त्याच्या बरोबर समोर ट्रायपॉड लावून एक फोटो काढा. चारही कोपरे सारखे आले तर ती शंका मिटली.

तिन्ही ठिकाणचे आकडे टाका. शटर, अपर्चर, कुठला फोकस मोड.

---

आरसामुक्त (पुणे)

मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्या. धागा संपला.

---

शाहूपुरीकर (सातारा)

आरसामुक्तजी, पैसे तुम्ही पाठवताय का? जीपे नंबर कळवते :-)

कृष्णाकाठ, हे घ्या आकडे.

लग्न : एफ १.८, १/१२५, आयएसओ १६००, एएफ-एस (एकदा लागला की तिथेच थांबणारा फोकस). बहुतेक फोटोंत नथ शार्प.
कास : ३०० एमएम, एफ ५.६, १/१६०, एएफ-एस. काहींत मागचं गवत शार्प, काहींत कुठेच काही नाही.
शर्यत : ३०० एमएम, एफ ५.६, १/३२०, एएफ-एस, सगळे पॉइंट चालू. बैलांची शिंगं दुहेरी दिसतात. काही फोटोंत मागची माणसं शार्प आहेत.

पेपरचं पान लावून बघितलं. कोपरे सारखे आहेत.

---

मंगलाष्टक (मिरज)

लग्नाचे फोटो हा माझा धंदा, त्यामुळे बाकीचं इतरांवर सोडतो आणि नथीवर बोलतो.

क्रॉप सेन्सरवर ५० एमएम, एफ १.८. एक मीटरवरून फोटो काढला तर शार्प दिसणारा पट्टा सगळा मिळून जेमतेम ३ सेंटीमीटरचा. दीड मीटरवर गेलात की साधारण साडेसहा. म्हणजे जवळून काढताना डोळ्याच्या अलीकडे दीड आणि पलीकडे दीड एवढंच तुमच्या हातात. नथ डोळ्याच्या तेवढीच पुढे असते. तेव्हा तुमचा फोकस पुढे बसतोय, हे नक्की. पण तो दर वेळी पुढेच बसतोय की कधी पुढे, कधी मागे, सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

मधला पॉइंट डोळ्यावर लावून, शटर अर्धं दाबून धरून मग कॅमेरा खाली वळवून फ्रेम लावायची सवय खूप जणांना असते. त्यानं फोकस हुकतो, पण हुकतो तो *मागे*. मीटरभर अंतरावर कॅमेरा १० अंश वळवला तरी फोकसची पातळी दीड सेंटीमीटर मागे सरकते. मग कान आणि कानातले शार्प येतात. तुमच्याकडे नथ शार्प आहे, म्हणजे त्या सवयीचा हा प्रताप नाही. तुम्ही किंवा नवरी पुढे-मागे झुकत असाल तर कधी नथ आली असती, कधी झुमका. बहुतेक वेळा नथच येत असेल तर माझा संशय फ्रंट फोकसवर, म्हणजे कॅमेरा दर वेळी अलीकडेच फोकस लावतोय.

हे का होतं, ते थोडक्यात. डीएसएलआरमध्ये आपण डोळा लावतो तेव्हा सेन्सर झोपलेला असतो. लेन्समधून आलेला उजेड मोठ्या आरशावर पडतो. तो मधोमध अर्धपारदर्शक असतो. तिथून थोडा उजेड आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर आपटतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे वळतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा जुळतात की नाही, हे तो बघतो. किती सरकायचं आणि कुठल्या दिशेला, दोन्ही त्याला एकदम कळतं, म्हणून हा प्रकार झटपट. पण यात उजेडाला दोन वाटा झाल्या : एक तळाच्या सेन्सरची, एक फोटो काढणाऱ्या सेन्सरची. दोन्ही वाटा बरोब्बर सारख्या लांबीच्या हव्यात. छोटा आरसा केसभर जरी इकडे-तिकडे बसला तरी तळाचा सेन्सर 'लागला' म्हणतो आणि फोटो मऊ येतो. त्याला खोटं बोलायचं नसतं, त्याच्या वाटेवर तो बरोबरच असतो.

किट लेन्सला हाच फरक झाकला जातो, कारण एफ ५.६ वर पट्टा रुंद असतो. म्हणून लोक म्हणतात, 'किटवर चांगलं येतं, ५० च खराब निघाली.' बॉडी तीच, खोट तीच, ५० एमएम फक्त चुगली करते.

तपासायचं असं. घड्याळात घालायचे पाच सेल घ्या. टेबलावर तिरक्या रांगेत उभे करा, प्रत्येक सेल आधीच्यापेक्षा बोटभर मागे आणि बोटभर बाजूला. अडीच मीटरवर, सेलांच्याच उंचीवर ट्रायपॉड. (अंतर फोकल लेंथच्या ५० पट धरतात.) एफ १.८, दिवसाचा उजेड, मधला एकच पॉइंट, मधल्या सेलच्या छापील अक्षरांवर. लेन्सची रिंग हाताने आधी पार अनंताकडे फिरवा, मग फोकस, मग फोटो. पुढच्या वेळी रिंग अगदी जवळच्या टोकाला नेऊन फोकस. असं आलटून पालटून काही फोटो घ्या. नंतर तोच फोटो लाइव्ह व्ह्यू लावून काढा. लाइव्ह व्ह्यूत आरसा वर जातो आणि फोकस थेट मुख्य सेन्सरवरून लागतो, वाटांची भानगडच नाही.

लाइव्ह व्ह्यूत मधला सेल शार्प आणि व्ह्यूफाइंडरने दर वेळी अलीकडचा, तर औषध मेनूतच आहे. दोन्हीकडे मऊ, तर लेन्सकडे बघू. दर वेळी वेगळाच सेल, तर तो सेटिंगने सुटणारा प्रश्न नाही.

आणि तपासणी हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत करू नका. उजेडाचा रंग बदलला की हा फोकस थोडा मागे-पुढे होऊ शकतो.

---

नवशिका (तासगाव)

काका, जबरदस्त. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. मेनूतलं ते औषध मला सापडत नाहीये.

---

मंगलाष्टक (मिरज)

नाहीच आहे त्यात. फोकस मेनूतून थोडा पुढे-मागे सरकवायची ती सोय. निकॉनमध्ये त्याला एएफ फाइन ट्यून म्हणतात, कॅननमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट. दोन्हीकडे उणे २० ते अधिक २०. निकॉनच्या डी३५००, डी५६०० वगैरेंत नाही, डी७००० पासूनच्या त्या मालिकेत आहे. कॅननच्या ५०डी मध्ये होतं, ६०डी मधून काढलं, ७०डी मध्ये परत आणलं. लोकांनी बोंब मारली की कंपन्या ऐकतात कधीकधी. १५००डी, २००डी मध्ये नाही.

तुझ्या कॅमेऱ्यात पॉइंट नऊ, त्यातला मधला एकच क्रॉस प्रकारचा. बाकीच्यांना एकाच दिशेच्या रेषा पकडता येतात. डी३५०० मध्येही ११ पैकी मधलाच क्रॉस. कमी उजेडात मधलाच वापर. कडेच्या पॉइंटवर लेन्स गरगरायला लागली तर कॅमेरा जरा तिरका धरून फोकस लाव, मग सरळ कर.

---

चाळकेवाडीचा वारा (सातारा)

कासबद्दल मी बोलतो, कारण सप्टेंबरात माझा मुक्काम तिथेच असतो असं घरचे म्हणतात.

ताई, ३०० एमएमवर १/१६०? क्रॉप सेन्सरवर ती लेन्स ४५० सारखी वागते. हातात धरून १/५०० च्या खाली जायचं नाही. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असला तर हाताची थरथर सांभाळेल, पण पठारावरचा वारा फूल हलवतो त्याला तो काय करणार? 'कुठेच काही शार्प नाही' वाले फोटो या खात्यात टाका.

आता गरगरण्याचं. ७०-३०० जातीच्या बऱ्याच लेन्स दीड मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. माणूस फुलाच्या मोहात पुढे पुढे सरकतो आणि लेन्स बिचारी पुढे-मागे होत राहते. पाऊलभर मागे या, लगेच लागतो की नाही बघा. लेन्सवर फोकस लिमिटरचा खटका असेल तर तोही बघा. तो 'लांबचं' वर ठेवलेला असेल तर जवळचं काही केल्या लागणार नाही.

गवतावर फोकस जाण्याचं कारण आणखी वेगळं. व्ह्यूफाइंडरमध्ये जो छोटा चौकोन दिसतो, त्याच्यापेक्षा खरा सेन्सर मोठा असतो. सीतेच्या आसवांचं एक फूल नखाएवढं, गेंदाची गोंडी त्याहून बारीक. चौकोनात फूल आणि मागचं गवत दोन्ही येतात आणि गवताची काळी-पांढरी रेघ जास्त ठळक असते. कॅमेऱ्याला काय माहीत आपण कशासाठी घाट चढून आलो? ठळक रेघ दिसली, पकडली. तेरड्याच्या गर्द गुलाबी पट्ट्यात उलटं होतं. सगळं एकाच रंगाचं, रेघच नाही. त्यात धुकं उतरलं की उरलासुरला कॉन्ट्रास्टही गेला.

तिथे मी ऑटोफोकसचा नाद सोडतो. लाइव्ह व्ह्यू, फुलावर १० पट मोठं करायचं, हाताने रिंग, वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत बोट शटरवर. एफ ८ किंवा ११. यात काही कमीपणा नाही. आणि फोकस मिळावा म्हणून पायवाट सोडून फुलांत गुडघे टेकू नका, दरवर्षी हे सांगावं लागतं.

अवांतर : धुक्यातून गाडीत, गाडीतून धुक्यात असं करताना पुढच्या काचेवर बाष्प धरतं. व्ह्यूफाइंडरमधून ते पटकन कळत नाही. फोकस लागत नसला की आधी काच डोळ्यांनी बघा.

---

फुफाटा (खटाव)

शर्यतीचं मी सांगतो. मैदानावर आमची उभी हयात गेलीय.

ताई, एएफ-एस म्हंजे एकदा लागला की कुलूप. तुम्ही अर्धं बटण दाबलं तवा जोडी पन्नास फुटावर हुती, फोटो निघाला तवा चाळीस फुटावर. फोकस राहिला मागंच, म्हणून तर मागची माणसं शार्प आली. एएफ-सी लावा, कॅननवाल्यांनी एआय सर्व्हो. बटण दाबून धरायचं, फोकस जोडीबरूबर सरकत राहतो. एएफ-ए, एआय फोकस असलं मधलं काय लावू नका, कॅमेरा इचार करत बसतो.

सगळे पॉइंट चालू ठेवले की जे जवळ आन् ठळक ते धरतो. पुढं धुरळा उडतोय, मधूनच एखादं पोरगं पळतंय, तिकडं जातो फोकस. मधला पॉइंट आन् त्याच्या भवतीचे आठ, एवढंच ठेवा. बैलाच्या कपाळावर धरा. कपाळावर गोंडा, शिंगाला रंग, म्हंजे पकडायला रेघाच रेघा. पांढऱ्याशुभ्र खोंडाच्या अंगावर धरलं तर लागत नाय, कोरी भिंतच ती.

शटर १/१००० च्या वर. शिंगं दुहेरी आली ती १/३२० मुळं, फोकसचा संबंध नाय.

आन् मेनूत 'ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन' असतंय, कॅननात 'ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी'. त्यानं काय हुतं, मधी कोण आलं तर कॅमेरा लगेच तिकडं पळायचा का जरा दम धरायचा, ते ठरतं. दम धरायला लावा.

शेवटचं. चैत्र-वैशाखातल्या यात्रेत दुपारी दोनला ३०० एमएमनं लांबची जोडी घेऊ नका. रानातनं वाफा उठत्यात, हवा नाचतीया. कसलाबी कॅमेरा आणा, चित्र पाण्यातनं काढल्यागत येणार. सकाळचे गट घ्या, नायतर जोडी जवळ येऊ द्या.

---

मंगलाष्टक (मिरज)

फुफाटा, तुमचा 'दम धरायचा' मला लग्नात कामाला येतो. अंतरपाट दूर झाला की अक्षतांचा मारा सुरू. एएफ-सीवर असलो तर फोकस हवेतल्या तांदळाकडे उडी मारतो. लॉक-ऑन वाढवून ठेवलं की नवरीवरच राहतो.

पण एक गोम लक्षात ठेवा. एएफ-सी किंवा सर्व्होवर कॅमेऱ्याचा मदतीचा दिवा पेटत नाही, फ्लॅशवरची लाल जाळीही पडत नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये लेन्स गरगरत असेल तर एएफ-एसवर या. शिवाय निकॉनच्या बऱ्याच बॉडींमध्ये एएफ-सीला मुळातच रिलीज प्रायॉरिटी असते. फोकस लागो न लागो, बटण दाबलं की फोटो निघणार. ते बदलून फोकस प्रायॉरिटी करता येतं.

---

आरसामुक्त (पुणे)

हेच तर म्हणतोय! मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरूनच लागतो. फ्रंट फोकस, बॅक फोकस, सेलची रांग, काही नाही. डोळा आपोआप पकडतो. ही सगळी कसरत २०१८ नंतर कशाला करायची?

---

कृष्णाकाठ (सांगली)

मुद्दा खोटा नाही हो. पण मिररलेसवर १/३२० ने काढली तरी शिंगं दुहेरीच येणार आणि वैशाखातली हवा तिथेही नाचणार. ताईंच्या तीन तक्रारींपैकी फार तर एक आरशाची आहे.

शिवाय जुन्या लेन्सचं काय? कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर सुखानं चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना बॉडीतली मोटर लागते आणि ती त्यांच्या अडॅप्टरमध्ये नाही, म्हणजे हाताने फिरवत बसा. हे न कळता बदलून मग डोक्याला हात लावलेले लोक हरिपूरच्या संगमावर पक्षी बघताना भेटतात मला.

---

नवशिका (तासगाव)

माझ्या मित्राचा निकॉन डी३५०० आहे, त्यानं स्वस्तात ५० एमएम १.८डी घेतली. फोकसच होत नाही. लेन्स खराब का? एकानं सांगितलं, मागचे पितळी टिपके खोडरबरानं घास.

---

मंगलाष्टक (मिरज)

लेन्स ठणठणीत आहे. डी३५०० मध्ये मोटर नाही, १.८डी मध्येही नाही. दोघांनीही मोटर आणायची समोरच्यावर सोडली. १.८जी घ्यायला हवी होती. विकणाऱ्याला परत करता येते का बघा.

खोडरबर नको. त्याचा चुरा माउंटमधून आत पडतो आणि तो आरशापर्यंत पोचला की नवीन दुखणं. सुती मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून पुसा, कोरडं होऊ द्या, मग लेन्स चढवा.

---

बोटवाला (बामणोली)

मी आजवर खोडरबरच वापरलाय, काही झालं नाही.

---

मंगलाष्टक (मिरज)

हेल्मेटशिवाय यवतेश्वरचा घाट उतरणारेही हेच म्हणतात :-)

घासायचंच असेल तर लेन्सचे घासा, माउंटची बाजू खाली धरून. बॉडीतले तर मुळीच नाही. आणि आरशाला, किंवा आरशाखाली तळाशी जी छोटी खिडकी दिसते तिला कापूस-बोट काही लावू नका. फोकसचा सेन्सर तिथेच आहे. धूळ दिसली तर कॅमेरा तोंड खाली करून हातपंपानं फुंकर, बस.

---

शाहूपुरीकर (सातारा)

निकाल आला मंडळी!

सेल ओटीवरच्या टेबलावर लावले, सकाळच्या उजेडात. व्ह्यूफाइंडरने जवळपास सगळ्या फोटोंत मधल्याच्या अलीकडचा सेल शार्प. मधल्यावरची अक्षरं वाचता येतात, पण कडांना रंगीत झालर. लाइव्ह व्ह्यूत मधला सेल एकदम खणखणीत, लेबलावरची बारीक छपाईसुद्धा. रिंग कुठल्याही टोकावरून आणली तरी हेच.

किट लेन्सने तीच रांग काढली तर फरक कळतच नाही. काकांनी लिहिलं तसंच.

मेनूत फाइन ट्यून सापडलं. आता किती ठेवायचं? आणि ७०-३०० लाही तेवढंच द्यायचं का? दुकानदार तर म्हणतो, आत एक स्क्रू असतो, तो फिरवला की पाच मिनिटांचं काम.

---

मंगलाष्टक (मिरज)

स्क्रूला हात लावू देऊ नका. छोट्या आरशाच्या टेकूला तशी फिरकी असते हे खरं, पण ती फिरवली की तुमच्या सगळ्या लेन्सचा हिशोब एकदम बदलतो, आणि पुढचा-मागचा कोन बिघडला तर मधला पॉइंट बरोबर आणि कडेचे चुकीचे अशी वरात निघते. ते मोजमापाच्या यंत्रावर करायचं काम.

फोकस पुढे बसतोय, म्हणून आकडा अधिककडे न्यायचा. अधिक म्हणजे फोकस कॅमेऱ्यापासून लांब. +५ लावून बघा, मग +१०, मग मधले. मधला सेल बहुतेक वेळा शार्प आला की थांबा. प्रत्येक वेळी येणारच नाही, हा प्रकार मुळातच एकेका फोटोला थोडा मागे-पुढे होतो. +२० ला जाऊनही जमलं नाही तरच पुण्याचा विचार.

७०-३०० ला तोच आकडा द्यायचा नाही. कॅमेरा प्रत्येक लेन्सचा आकडा वेगळा लक्षात ठेवतो. झूमची चाचणी ३०० वर करा, ५० पट म्हणजे १५ मीटर, गच्चीवर किंवा अंगणात. सेल तेवढ्या लांबून दिसायचे नाहीत, कॅलेंडरचं पान आणि त्याच्या बाजूला तिरकी ठेवलेली शिडी घ्या. कॅननच्या ७०डी, ८०डी मध्ये झूमच्या दोन टोकांना दोन आकडे देता येतात. इतर ठिकाणी एकच असेल तर जे टोक जास्त वापरता त्याला द्या. सिग्माच्या नव्या मालिकेतल्या लेन्स असतील तर त्यांचा यूएसबी डॉक मिळतो, त्यात अंतरागणिक वेगळा आकडा भरता येतो. टॅमरॉनचंही तसलं यंत्र आहे.

---

चाळकेवाडीचा वारा (सातारा)

काकांशी एका बाबतीत माझं पटत नाही. ७०-३०० ला एफ ५.६ वर फाइन ट्यून करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आधी शटर वाढवून, एक पॉइंट लावून, त्या लेन्सवरचा स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून चार फोटो काढा. बहुतेकांचं दुखणं तिथेच मिटतं.

---

मंगलाष्टक (मिरज)

फिल्टरचं मान्य. पण ३०० एमएमवर पट्टा वाटतो तेवढा रुंद नसतो. तीन मीटरवरचं फूल असेल तर एफ ५.६ ला पट्टा दोन-अडीच सेंटीमीटरचाच. करून बघायला काय जातंय?

---

शाहूपुरीकर (सातारा)

५० एमएमला +८ वर जमलं. भाचीला सत्यनारायणाच्या निमित्तानं परत नथ घालायला लावली, डोळे आले. पापण्याही आल्या.

७०-३०० ची शिडी-कॅलेंडर चाचणी केली, फरक दिसला नाही, शून्यावरच ठेवली. फिल्टर काढल्यावर मात्र फरक आहे, वाऱ्याला फुल्ल मार्क. मैदानावर अजून जायचंय. फुफाटादादा, एएफ-सी आणि नऊ पॉइंट लावून ठेवलेत. कपाळावर धरेन.

पुण्याचं कुरियर रद्द.

---

फुफाटा (खटाव)

या की मैदानाला. निकालाच्या रेषेच्या थोडं पुढं, दोरीच्या भाईर हुबं राहा. समोरून घ्यायच्या नादात दोरीच्या आत येऊ नका, जोडी काय तुमचा फोकस बघून थांबत नसती.

---

नवशिका (तासगाव)

शेवटची शंका. ठोसेघरच्या धबधब्याला दुधासारखं पाणी यावं म्हणून एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला, तर फोकस काही केल्या लागेना. आणि आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्याचा जुना पोलरायझर आहे, तो चालेल का?

---

कृष्णाकाठ (सांगली)

एनडी लावायच्या आधी फोकस लाव, लेन्सवरचा खटका एमवर कर, मग फिल्टर हलक्या हातानं फिरवून बसव. रिंगला धक्का लागला तर परत पहिल्यापासून. गडद फिल्टरमागं तळाच्या सेन्सरला उजेडच पोचत नाही, तो तरी काय करेल.

जुना पोलरायझर बहुधा लिनिअर असेल. अर्धपारदर्शक आरशाशी त्याचं जमत नाही, फोकस आणि मीटर दोन्ही फसवतो. कडेवर 'सर्क्युलर' किंवा सीपीएल लिहिलंय का बघ. नसेल तर आजोबांच्या कॅमेऱ्यावरच राहू दे आणि त्यात एक रोल घाल.